काका, हा धंदा तुमचाय, पोराचा नाही

नमस्कार काका,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा गाड्यांचा हिशोब बघायला आणि दुसऱ्यांदा एका वाक्यासाठी, जे तुम्ही अगदी सहज लिहून गेलात: "तसंही त्याच्याच्याने दुसरं काही होणार नाही, म्हणून म्हटलं गाड्यांवर तरी बसवतो."

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. काका मालवण तालुक्यातले, एसटीच्या वर्कशॉपमध्ये 32 वर्षं मेकॅनिक होते आणि आता रिटायर झालेत. मुलाला बारावी सायन्सला 51 टक्के पडले. काकांचं म्हणणं असं की 10 स्कूटर घ्यायच्या, पर्यटकांना स्वस्तात भाड्याने द्यायच्या, कर्ज मुलाच्या नावावर काढायचं आणि दुकानात मुलाला बसवायचं, पुढे जमलं तर दोन कार पण सेल्फ ड्राइव्हला टाकायच्या. मुलगा "हॉटेल मॅनेजमेंट की काय ते" म्हणतो, पण काकांना ते पटत नाही. त्यांचा प्रश्न एवढाच आहे की या धंद्यासाठी मुलाला कुठला कोर्स लावू.

काका, कोर्सचं नंतर बघू. आधी मला ते कर्जाचं बोलायचंय, कारण खरं सांगायचं तर ते वाचून मला भीती वाटली.

तुम्ही लिहिलंय की मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात, म्हणजे धंद्यासाठीच्या सरकारी कर्ज-योजनेत, तुम्ही वयामुळे बसत नाही, आणि मुलगा नुकताच 18 चा झालाय म्हणून त्याचं नाव. म्हणजे विचार तुमचा, जागा तुम्ही बघितलेली, गाड्या कुठल्या घ्यायच्या तेही तुमचं ठरलेलं, आणि सही फक्त त्याची. उद्या दोन पावसाळे हप्ते थकले तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, त्याचा खराब होणार, आणि 21-22 व्या वर्षी तो स्वतःच्या मनाने शिकायला म्हणून बँकेत गेला की मॅनेजर आधी ते थकलेलं खातं बघणार. ज्या कर्जाचा निर्णय त्याने घेतला नाही त्याची फेड मात्र त्याच्या माथी. हे करू नका. एवढी एकच गोष्ट माझी ऐकली तरी चालेल, पण हे करू नका.

आणि तुमच्या पत्रात त्याला "विचारलं" असं कुठेच नाहीये हो. "सांगितलं" आहे, "समजावलं" आहे, "त्याच्या आईनेही सांगून बघितलं" आहे. 51 टक्के म्हणजे बारावीला अभ्यास झाला नाही किंवा सायन्स त्याचा विषय नव्हता, एवढंच. सायन्स कुणी घ्यायला लावलं होतं ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला अंदाज येतोय. एकदा त्याच्यासाठी तुम्ही निवडलंत, ते जमलं नाही, आता परत तुम्हीच निवडताय आणि जमलं नाही तर परत तोच नालायक ठरणार.

आता धंद्याचं. तुमचा एक गैरसमज आहे जो कोकणात आणि गोव्यात हजारदा ऐकलाय, की गाडी आपली, कागद आपले, मग कुणाला द्यायची ते आपण ठरवू, परवाना कशाला. तसं नाहीये. पांढऱ्या नंबर प्लेटची गाडी खासगी वापराची. ती भाड्याने दिली की परमिट नसताना धंद्याला वापरली असं होतं, आणि त्याचा दंड 2019 च्या दुरुस्तीनंतर 10,000 रुपयांवर गेलाय, सोबत कैदेचीही तरतूद आहे. पण दंड परवडला असं म्हणायची वेळ येते, कारण खरा फटका इन्शुरन्समध्ये बसतो. खासगी पॉलिसीत भाड्याने दिलेला वापर बसतच नाही, त्यामुळे तारकर्लीच्या वळणावर तुमच्या गिऱ्हाइकाने कुणाला उडवलं आणि कंपनीने हात वर केले की भरपाईसाठी मालक धरला जातो, आणि मालक कोण, तर तुमचा 18 वर्षांचा मुलगा. रीतसर मार्ग आहे, 1997 ची केंद्राची रेंट अ मोटरसायकल स्कीम. त्यात निदान 5 गाड्या लागतात, गाड्या ठेवायला जागा लागते, लायसन्स पाच वर्षांचं असतं आणि नंबर प्लेट काळी, त्यावर पिवळी अक्षरं. म्हणजे तुमच्या 10 स्कूटर त्यात बसतात. पण "नंतर दोन कार" हे डोक्यातून काढा, कारण कारसाठीची 1989 ची रेंट अ कॅब स्कीम किमान 50 गाड्या मागते. गोव्यात काय चालतं ते तिथल्या लोकांचं तिथे, तुमची गाडी एमएच 07 ची आहे. ओरोसच्या आरटीओत जाऊन एकदा समोरासमोर बोलून या.

तुमचं गणित मी परत मांडलं. तुम्ही लिहिलंय 10 गाड्या, 400 रुपये, 30 दिवस, म्हणजे महिन्याला 1,20,000. काका, तुम्ही मालवणात राहता, मंगळवारी दुपारी बंदर जेटीवर किती पर्यटक असतात ते मला नका विचारू. शनिवार-रविवार सगळ्या गाड्या गेल्या असं धरू, 8 दिवसांचे 32,000. बाकीच्या 22 दिवसांत सरासरी अडीच गाड्या, म्हणजे आणखी 22,000. झाले 54,000, आणि हे सुद्धा आठच महिने, कारण पावसात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद, वॉटर स्पोर्ट्स बंद, स्कूटरवरून भिजत फिरायला कोण येणार. वर्षाचे 4,32,000. दहा लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी 11 टक्क्याने धरलं तर हप्ता महिन्याला पावणेबावीस हजारांच्या आसपास, वर्षाचे 2,61,000. राहिले 1,71,000, त्यातून दहा गाड्यांचा इन्शुरन्स, सर्व्हिसिंग, टायर, जागेचं भाडं. यात दुकानात बसणाऱ्या मुलाच्या हातात काय पडणार? आणि स्वस्तात द्यायचं म्हणून तुम्ही 300 ला उतरलात की तेही संपलं.

याच्यात पैसा मिळवतो तो माणूस कसा असतो ते मी गेल्या मे महिन्यात तारकर्लीत बघितलंय. चार जण स्कूटर परत द्यायला आले, गाडी पुळणीवर घातलेली, चाकाला ओली वाळू. मालक पन्नाशीचा, काही बोलला नाही, गुडघ्यावर बसला, मागचं चाक हाताने फिरवून कान लावला, ब्रेकच्या ड्रममध्ये वाळू खरखरत होती. मग सकाळी गाडी देताना काढलेला व्हिडिओ त्याने मोबाइलवर दाखवला, आरसा, पॅनल, पेट्रोलचा काटा, किलोमीटर, सगळं. चौघं आवाज चढवून डिपॉझिट मागत होते. तो शांतपणे म्हणाला, साफ करायचे अमुक, आरशाचे तमुक, बाकी हे घ्या. दहा मिनिटांत मिटलं. मी तिथे उभी राहून विचार करत होते की याच्या जागी बारावी झालेलं पोरगं असतं तर काय झालं असतं, आणि तुम्ही तर लिहिलंय की तुमचा मुलगा अबोल आहे, अनोळखी माणसाशी बोलायला लाजतो. लायसन्स नसलेल्याला गाडी दिली तर मालकाला 5,000 दंड, आणि अल्पवयीन मुलाच्या हातात गेली तर 25,000 दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. सोळा-सतरा वर्षांचं पोर बापाचं लायसन्स दाखवून चावी मागतं तेव्हा त्याला तोंडावर नाही म्हणणारा माणूस काउंटरला लागतो.

तो माणूस तुम्ही आहात काका. चाकाचा आवाज ऐकून काय बिघडलंय ते सांगणारे तुम्ही, 32 वर्षं वर्कशॉपमध्ये काढलेले तुम्ही, खाऱ्या हवेत गाडी कुठून गंजते ते तुम्हाला माहीत. पत्रात गाड्यांबद्दल तीन पानं आहेत आणि अक्षर बदललंय, मन लावून लिहिलंय ते कळतं. हा धंदा तुम्हालाच करायचाय. मग करा की! पण स्वतःच्या नावावर करा, योजना मिळाली नाही तर न मिळो, ग्रॅच्युइटीतून पाच गाड्यांवर सुरुवात करा, स्कीमला तेवढ्या पुरतात. 10 चा आकडा कर्जासाठी आलाय, धंद्यासाठी नाही. दोन सीझन बघा आणि मग वाढवा.

आणि मुलाचं. तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय की "सुट्टीत आईच्या खानावळीत पडलेला असतो, मे महिन्यात वीस-वीस ताटं एकटा काढतो, रांदणं हे काय मुलग्याचं काम?" काका, तुमच्या स्कूटर भाड्याने घेणारी माणसं कशासाठी येणार आहेत? किल्ला दोन तासांत बघून होतो. ती सुरमईच्या ताटासाठी येतात, तिसऱ्यांच्या शिंपल्यांसाठी, सोलकढीसाठी येतात. गर्दीत एकट्याने वीस ताटं वेळेवर काढणारा मुलगा तुम्हाला "काही होत नाही" असा कसा वाटतो? जो गिऱ्हाइकाशी बोलायला लाजतो तो चुलीसमोर लाजत नाहीये, हे तुमच्याच पत्रात आहे.

हॉटेल मॅनेजमेंटसाठी बारावीला इंग्रजी विषय घेऊन पास असला की एनसीएचएम जेईई ही देशपातळीची प्रवेश परीक्षा देता येते, बीएचएमसीटी या डिग्रीची राज्याची सीईटी वेगळी आहे, सरकारी संस्था जवळ म्हणाल तर गोव्यात पर्वरीला आहे आणि मुंबईत दादरला. फक्त स्वयंपाकच शिकायचा असेल तर अशा संस्थांमध्ये फूड प्रॉडक्शनचा छोटा क्राफ्ट कोर्स असतो, तो दहावी पासवर होतो. डिग्रीला जायच्या आधी त्याने एक सीझन एखाद्या मोठ्या हॉटेलच्या किचनमध्ये काढावा असं माझं मत आहे, दहा तास उभं राहणं, ओरडा खाणं, भांडी घासणं, ते सोसलं की मग फी भरा. नाही सोसलं तर तेही कळेल, आणि तेव्हा त्याला टोमणा मारू नका.

पण हे सगळं मी तुमच्या पत्रावरून बोलतेय, त्याच्या तोंडचा एक शब्द मी ऐकलेला नाही. कदाचित त्याला हॉटेलही नको असेल, फक्त स्कूटरच्या दुकानातून सुटका हवी असेल. त्याला मला लिहायला सांगा. अर्धं पान चालेल, मालवणीत लिहिलं तरी चालेल. आणि पाकीट बंद करण्याआधी तुम्ही ते वाचायचं नाही.