ड्रायवॉलची घाई नको, आधी भिंत बघा

जुन्या घरातल्या ओल आलेल्या भिंतीचं प्लास्टर काढून तिथे ड्रायवॉल (जिप्समचे तयार बोर्ड) लावताय, अभिनंदन, स्वतः करताय हे बेस्ट! अमेरिकेतलं घर १९७८ च्या आधीचं असेल तर रंगात शिसं असू शकतं, म्हणून जुनं प्लास्टर फोडायच्या आधी टेस्ट कराच, घरात लहान मुलं असतील तर यात अजिबात तडजोड नको.

भिंत उघडली की ओल कुठून येतेय ते शोधून आधी तेच बंद करा. मग स्टड्सवर (भिंतीच्या आतल्या उभ्या लाकडी खांबांवर) लांब सरळ पट्टी आडवी धरून बघा, जुनी लाकडं वाकलेली असतात, पुढे आलेलं रंधा मारून काढा, आत गेलेल्यावर पातळ पट्टी ठोका, नवीन लोक नेमकं हेच सोडतात आणि मग भिंतीला पोट येतं. वायरिंग-प्लंबिंगचं इन्स्पेक्शन झाल्याशिवाय काहीच झाकू नका, झाकण्याआधी मेजरिंग टेप धरून फोटो काढा.

टेपिंग (बोर्डांच्या सांध्यांवर पट्टी चिकटवणं), कंपाउंड (सांधे भरायची लुगदी) वगैरेबद्दल बोर्ड चढले की विचारा.