घरी बिअर करायला स्वस्तातलं पातेलं कोणतं घ्यावं? अमेरिकेत अपार्टमेंटमध्ये राहतो, साधी गॅसची शेगडी आहे, बजेट पन्नास डॉलर. इंडियन स्टोअरमधलं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं चालेल का?

चालेल. पण धातूचं नंतर बघू, आधी तुमची शेगडी किती पाणी खळाखळा उकळवू शकते ते बघा. बहुतेक जण उलटं करतात. रेसिपी ५ गॅलनची, म्हणजे १९ लिटरची असते, म्हणून थेट ३०-३८ लिटरचं भांडं आणतात आणि घरच्या बर्नरवर तासभर नुसती वाफ बघत बसतात. अपार्टमेंटमधली शेगडी साधारण १०-१५ लिटरला नीट उकळी आणते, त्यापुढे दमते. घरातलं सगळ्यात मोठं पातेलं भरून एकदा उकळून बघा, अंदाज येईल. आणि मोठ्या भांड्यासाठी प्रोपेनचा बर्नर घरात लावायचा विचारही नको. कार्बन मोनॉक्साइडने जीव जातो, आणि बाल्कनीत तो लावायला बऱ्याच इमारतींत बंदी असते.

म्हणून माझं मत, १९-२० लिटरचं पातेलं घ्या. त्यात दोन्ही प्रकारे काम होतं. माल्ट एक्स्ट्रॅक्ट (माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, तयार अर्क) वापरणार असाल तर १०-११ लिटरच उकळा आणि बाकीचं गार पाणी (आधी उकळून निववलेलं) फर्मेंटरमध्ये, म्हणजे बिअर आंबवायच्या भांड्यात, घालून १९ लिटर पुरे करा. धान्यापासून करायची असेल तर निम्मी बॅच करा. हिशोब असा: हाती १० लिटर बिअर हवी, तासाभराच्या उकळीत ३ लिटर उडणार, तळाच्या गाळात दीड लिटर जाणार, दोन किलो माल्ट आणखी दीडेक लिटर पाणी पिऊन बसणार. म्हणजे सुरुवातीला १६ लिटर पाणी, आणि माल्टची स्वतःची जागा धरून साडेसतरा. कापडी पिशवीत माल्ट घालून त्याच पातेल्यात भिजवलं की दुसरं भांडं लागत नाही.

वरची दोन-तीन बोटं जागा मात्र मोकळी हवीच. पहिली उकळी येताना फेस इतक्या झपाट्याने चढतो की दूध परवडलं. शेगडीवर सांडलेला वर्ट, म्हणजे माल्टचं हे न आंबवलेलं गोड पाणी, वाळला की ओटा घासता घासता पुढची बॅच नकोशी होते. उकळी येईपर्यंत झाकण ठेवलं तरी नंतर ते काढून टाका, कारण माल्टमधून येणारं डायमिथाइल सल्फाइड हे वासाचं रसायन वाफेबरोबर बाहेर जायला हवं. नाहीतर बिअरला उकडलेल्या मक्याचा वास मारतो.

आता धातू. अ‍ॅल्युमिनियमबद्दल आपल्याकडे भीती फार, पण वर्टचा पीएच ५ च्या थोडा वर असतो, टोमॅटोचं सार त्याहून आंबट. नवं पातेलं आधी नुसतं पाणी भरून अर्धा तास उकळा. आतून करडं, निस्तेज दिसायला लागेल. तो ऑक्साइडचा थर आहे, तो घासून चकचकीत करू नका. ऑक्सिक्लीनसारख्या तीव्र अल्कधर्मी पावडरीत भिजवू नका, डिशवॉशरमध्येही नको. उष्णता सगळीकडे सारखी पसरते, ही त्याची मोठी जमेची बाजू. तुमच्याकडे इंडक्शन असतं तर हा पर्यायच नव्हता, तिथे चुंबक चिकटेल असंच बूड लागतं.

स्टीलचं घेतलंत तर धुवायला सोपं आणि आयुष्यभर टिकणारं. फक्त बूड हाताने ठोकून बघा. पातळ पत्र्याच्या पातेल्यात एक्स्ट्रॅक्ट तळाशी बसून करपतं. एक्स्ट्रॅक्ट घालताना गॅस बंद करून ढवळलं की ही अडचण बरीचशी टळते, म्हणून जाड बुडाचं परवडत नसेल तरी अडून राहू नका. इनॅमलचं स्वस्त मिळतं, पण एकदा टवका उडाला की खालचं लोखंड गंजतं आणि बिअरला त्याची चव लागते. आजीचं पितळेचं पातेलं शोभेला ठेवा.

नळ, थर्मामीटर, आतल्या खुणा यांवर पैसे घालू नका. वर्ट काढायला सायफनची नळी पुरते, तापमानाला स्वयंपाकाचा थर्मामीटर, आणि खुणांसाठी लाकडी पळीवर लिटरमागे एक रेघ कोरा. वाचलेले पैसे असलेच तर गार करायच्या तांब्याच्या वेटोळ्यावर खर्च करा. तोवर सिंकमध्ये बर्फाच्या पाण्यात पातेलं बुडवलं तरी १० लिटर वर्ट निवतो. मात्र विकत घेण्याआधी सिंक मापून जा, पातेलं त्यात बसलं पाहिजे. कडीदेखील रिव्हेट मारलेली, दणकट बघा. १५ किलो उकळतं ओझं दोन्ही हातांनी उचलायचंय.

होमब्रूच्या दुकानाआधी हॉटेलांना भांडी पुरवणाऱ्या दुकानात जा. तिथे याच मापाचं साधं भांडं बरंच स्वस्त मिळतं. पुढेमागे अंगण असलेलं घर घेतलंत तर थँक्सगिव्हिंग उलटल्यावर टर्की तळायचे संच सवलतीत निघतात: २८ लिटरचं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं आणि प्रोपेनचा बर्नर एकत्र.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी: अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरच्यापुरती बिअर करायला केंद्रीय करातून सूट मिळाली, शेवटची राज्यं २०१३ मध्ये मोकळी झाली. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय घरी दारू करणं गुन्हा आहे, त्यामुळे हे उत्तर तिथे वापरू नका.