नव्या हिरवळीची पहिली कापणी

प्रश्न: बी पेरून केलेली हिरवळ चांगली उगवली आहे. पहिल्यांदा यंत्र कधी फिरवावे?

उत्तर: दिवस मोजू नका, उंची पाहा. गवत 8 ते 9 सेंटिमीटर झाले की वरचा एक तृतीयांश भागच कापा. सुमारे 6 सेंटिमीटर राहू द्या. आधी काही पाती चिमटीत धरून हलकेच ओढा. रोप मुळासकट आले, तर आठवडाभर थांबा. यंत्राचे पाते धारदारच हवे, यात तडजोड नको. बोथट पाते गवत कापण्याऐवजी ओढते आणि कोवळी मुळे मातीतून सुटतात. आदल्या दिवशी पाणी देऊ नका, ओल्या मातीत चाके रुततात. हलके यंत्र वापरा, जागच्या जागी वळवू नका. तणनाशक मात्र तीन-चार कापण्या होईपर्यंत नकोच.