जुगार न खेळता कॅसिनो हॉटेलची खोली स्वस्तात मिळते का?

तुम्ही विचारलंय की लास व्हेगासला चार रात्री जायचंय, स्ट्रिपवरच्या, म्हणजे मोठी कॅसिनो हॉटेलं असलेल्या तिथल्या मुख्य रस्त्यावरच्या, एखाद्या भारी कॅसिनो हॉटेलात राहायची हौस आहे, जुगारात मात्र दोघांनाही रस नाही, तर भाडं कमी करून मिळेल का. मिळेल, पण काउंटरवर घासाघीस करून नाही. मी तीनदा गेलोय आणि पहिल्या खेपेला चांगलाच आपटलोय.

आधी फुकट खोलीचं भूत डोक्यातून काढा. थोडं खेळलं की कॅसिनो खोली फुकट देतो, असं कुणीतरी सांगितलेलं असतंच. देतो, पण हिशेब करून देतो. समजा तुम्ही ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळात डावामागे 25 डॉलर लावून, तासाला 60 डाव या वेगाने चार तास बसलात. म्हणजे टेबलावरून 6000 डॉलर फिरले. त्यातले दीड टक्का आपल्याला सुटणार असं कॅसिनोने धरलं, तर झाले 90 डॉलर. या कागदावरच्या तोट्याला ते लोक ‘थिओ’ म्हणतात. तुम्ही त्या दिवशी प्रत्यक्षात जिंकलात की हरलात, याला त्यात फारशी किंमत नाही. या 90 मधला साधारण तिसरा हिस्सा ‘कॉम्प’ म्हणून, म्हणजे खोली-जेवणातल्या सवलतीच्या रूपात, परत येतो. म्हणजे चार तास छातीत धडधड करून घ्यायची आणि सवलत मिळणार 30 डॉलरची. चाकावर दोन शून्यं असलेल्या रुलेटवर (गोल चाक फिरवून खेळायचा जुगार) कॅसिनोचा वाटा 5.26 टक्के असतो, तिथे कॉम्प जास्त सुटतो, पण पैसेही तितक्याच वेगाने जातात. ज्याला खेळायचंच आहे त्याने कॉम्प घ्यावा. कॉम्पसाठी खेळणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

पूर्वी खोली स्वस्त ठेवून माणसाला टेबलापर्यंत ओढायची रीत होती. आता स्ट्रिपवरच्या मोठ्या हॉटेलांची निम्म्याहून जास्त कमाई खोल्या, खाणंपिणं आणि शो यांतूनच होते. त्यामुळे खोलीचा भाव विमानाच्या तिकिटासारखा दिवसागणिक हलतो, आणि आपल्यासारख्याची खरी बचत त्या हलण्यात आहे.

माझी चूक सांगतो. मी जानेवारीच्या सुरुवातीच्या तारखा धरल्या आणि वर परत न मिळणारं, म्हणजे ‘नॉन रिफंडेबल’ बुकिंग केलं, कारण ते थोडं स्वस्त दिसत होतं. त्याच आठवड्यात तिथे सीईएस हे इलेक्ट्रॉनिक्सचं अवाढव्य प्रदर्शन भरतं, हे मला माहीतच नव्हतं. दोन आठवड्यांनंतरच्या तारखांना तीच खोली एक तृतीयांश भावात होती. नोव्हेंबरचंही तसंच: 2023 पासून फॉर्म्युला वनची शर्यत थेट स्ट्रिपवर होते, त्या शनिवार-रविवारी भाव विचारूच नका. सुपर बोलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याचा, वीकेंडही टाळा. याउलट नोव्हेंबरअखेरचा थँक्सगिव्हिंगचा सण झाल्यापासून नाताळच्या आधीपर्यंतचे मधले वार आणि जुलै-ऑगस्ट हे बऱ्यापैकी स्वस्त. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो, पण तुम्ही असाही बराच वेळ एसीतच असणार.

वारांचा फरक तर महिन्यांपेक्षाही मोठा. शुक्रवार-शनिवारी जी खोली अवाच्या सवा असते, ती रविवार ते बुधवार निम्म्याने उतरलेली मी पाहिलीये. तुमच्या चार रात्री रविवारी सुरू करा. वीकेंड टळणारच नसेल तर त्या दोन रात्री साध्या हॉटेलात काढा आणि रविवारी भारी हॉटेलात शिफ्ट व्हा. बॅगा उचलायचा कंटाळा येतो, पण टॅक्सीचे पैसे कितीतरी पटीने वसूल होतात.

आता मुख्य गोष्ट. एमजीएम रिवॉर्ड्स, सीझर्स रिवॉर्ड्स अशा हॉटेल कंपन्यांच्या क्लबांचं सदस्यत्व फुकट असतं. ते घ्या आणि हॉटेलच्या स्वतःच्या साइटवर लॉगिन करून भाव बघा. सदस्यांचा दर बहुतेक वेळा थोडा कमी दिसतो. मग रद्द करता येणारं बुकिंग करून ठेवा आणि दर आठवड्याला तेच दिवस पुन्हा तपासा. भाव उतरला की नवं बुकिंग करा, मग जुनं रद्द करा. याच क्रमाने, उलट नको. फुकट रद्द करायची मुदत बहुधा दोन-तीन दिवस आधी संपते, ती नीट वाचून ठेवा. गेल्या खेपेला मी असं दोनदा केलं आणि चार रात्रींत मिळून दीडशे डॉलर वाचवले.

भाव बघताना ‘रिसॉर्ट फी’ विसरू नका, म्हणजे पोहण्याचा तलाव वगैरे सोयींसाठी भाड्यावर लावलेली सक्तीची रक्कम. रात्रीला साधारण 40 ते 55 डॉलर, तुम्ही पोहा किंवा न पोहा. फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकी सरकारी संस्थेच्या नियमामुळे 12 मे 2025 पासून ही फी धरूनच भाव दाखवावा लागतो, पण कर अजूनही वेगळा येऊ शकतो आणि तो फीवरसुद्धा लागतो. म्हणजे 120 ची खोली, 50 फी, त्यावर सुमारे 13 टक्के कर, असे 192 डॉलर झाले. तुलना करायची ती या आकड्याची.

पासपोर्टमध्ये 20 डॉलरची नोट घालून काउंटरवर द्यायची, हीही युक्ती तुम्हाला कुणीतरी सांगेल. त्याने दर कमी होत नाही. झालाच तर वरच्या मजल्यावरची चांगली खोली मिळते. मी करून पाहिलं. काउंटरवरच्या बाईंनी हसून नोट पासपोर्टसकट परत दिली आणि पार्किंगकडे तोंड असलेली खोली दिली.

आणि खोलीत गेल्यावर मिनीबारला हात लावू नका. काही ठिकाणी वस्तू उचलली की सेन्सर ती बिलात टाकतो. मी चॉकलेटची नुसती किंमत बघायला पाकीट उचललं होतं. निघताना ते बिलातून काढून घ्यायला वीस मिनिटं रांगेत उभा होतो.