मे महिन्यात खांडसहून भीमाशंकरचा ट्रेक एका दिवसात होतो का?

होतो, पण पहाटे निघालात तरच. कर्जतहून पायथ्याच्या खांडस गावी आदल्या रात्रीच मुक्कामाला जा आणि साडेपाचपर्यंत चालायला लागा. वर जायला दोन वाटा आहेत, शिडी घाट आणि गणेश घाट. शिडी घाट जवळचा असला तरी कडा अंगावर येतो; पहिल्यांदा जात असाल किंवा लहान मुलं सोबत असतील तर गणेश घाटानेच जा. वाट लांबची, पण सोपी.

मेमध्ये खरा त्रास खालच्या टप्प्यात होतो. तिथे सावली कमी, आणि नऊनंतर कातळ तापतो. वाटेतल्या पदरवाडीच्या वर गर्द रान लागलं की जीव भांड्यात पडतो. तिथे जरा शांत बसा, शेकरू दिसण्याची शक्यता असते (आपला राज्यप्राणी, आणि हे अभयारण्य त्याच्यासाठीच राखलेलं). करवंदं पिकलेली असतात, वाडीतल्या बायका विकायला बसल्या असतील तर त्यांच्याकडून जरूर घ्या.

पाणी माणशी किमान चार लिटर. ओढ्यांच्या भरवशावर अजिबात राहू नका, ते कोरडे असतात. मीठ-साखर, टोपी हवीच. आणि त्याच दिवशी उन्हात परत उतरू नका. वरून पुण्याला एसटी मिळते, तिनेच जा.