आई-बाबांना घेऊन थायलंडला: शेअर गाडी की पूर्ण टॅक्सी?

तुम्ही विचारलं की आईबाबांना घेऊन पहिल्यांदाच थायलंडला जाऊन राहिलो, तर तिथं शेअर गाडीनं फिरावं की प्रायव्हेट टॅक्सी करावी, आणि कोणी लुबाडू नये म्हणून काय करावं.

मी दारव्ह्याकडचा. आमच्याकडे यवतमाळले जायला एसटी नाही मिळाली की काळीपिवळी, त्यामुळे शेअर गाडीची सवय लहानपणापासूनची, आणि खरं सांगतो भाऊ, तीच सवय बाहेर देशात लय कामी येते. काळीपिवळीत नवा माणूस ड्रायव्हरले भाव विचारत नाही, बाजूच्या बाईले हळूच विचारतो "किती घेते हो?" आणि तेवढे सुट्टे हातात धरून बसतो. थायलंडच्या पट्टाया या समुद्रकाठच्या शहरात हेच करायचं.

तिथं निळ्या पिकअप फिरतात, मागं समोरासमोर दोन बाकडे, त्याले सॉन्गथेव म्हणतात. बीच रोडनं दक्षिणेकडे जातात, सेकंड रोडनं वापस येतात, दिवसभर तोच फेरा. चालती गाडी हात दाखवून थांबवायची, काही न बोलता मागं बसायचं, आपली जागा आली की वरचं बटण दाबायचं, उतरून ड्रायव्हरच्या खिडकीशी जाऊन सुट्टे द्यायचे. सीटचा भाव हॉटेलच्या रिसेप्शनवर आधीच विचारून ठेवा. कारण रिकामी उभी गाडी पाहून तुम्ही "तिथं जायचे किती?" विचारलं की त्याले वाटते ह्या लोकांले पूर्ण गाडी पाहिजे, अन मग तो गाडीचा भाव सांगते. आपल्याले वाटते लुटून राहिला, पण अर्धे भांडणं इथंच होतात. म्हणून कुठल्याही देशात पहिला प्रश्न एकच, भाव सीटचा की गाडीचा, एकाचे की तिघांचे मिळून, बोटं दाखवून पक्कं करा. हां, मागची पायरी उंच असते, आईचे गुडघे दुखत असतील तर सॉन्गथेव सोडून द्या.

विमानातून उतरल्यावरची पहिली गाडी मात्र प्रायव्हेटच करा, इथं पैसे वाचवू नका. झोप झालेली नसते, बॅगा असतात, म्हातारी माणसं थकलेली. बँकॉकच्या सुवर्णभूमी एअरपोर्टले खालच्या मजल्यावर टॅक्सीसाठी मशीन आहेत, त्यातून चिठ्ठी निघते, तिच्यावर लेन नंबर असतो, त्या लेनमध्ये उभी असलेली टॅक्सी तुमची. साध्या टॅक्सीचं मीटर 35 बाटपासून (बाट म्हणजे तिथलं चलन) सुरू होते, एअरपोर्टचे 50 बाट वरून, आणि एक्सप्रेसवेनं गेले तर टोल आपणच द्यायचा, हे तिन्ही नियमातलेच आहे, त्यावर वाद घालू नका. चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा आणि चिठ्ठी आपल्याजवळच राहू द्या. "मीटर नाही, इतके द्या" म्हणाला तर बॅग आत ठेवायच्या आधीच परत फिरा, दुसरी चिठ्ठी काढा.

शहरात टॅक्सी बोलवायले ग्रॅब किंवा बोल्ट ॲप घ्या. उबर तिथं शोधत बसू नका, त्यांनी 2018 मध्येच तिकडचा धंदा ग्रॅबले विकला. ॲपमध्ये भाव आधीच दिसते, हुज्जतच नाही. नंबर प्लेटवरचे थाई अक्षरं कळणार नाहीत पण आकडे इंग्रजीच असतात, ते जुळवून मगच बसा.

 

आणि आयुथया या जुन्या राजधानीसारखं दूरचं ठिकाण, बँकॉकपासून 80 किमीच्या आसपास, तिथं आईबाबांसाठी दिवसभराची पूर्ण गाडीच बरी. किती वाजता निघायचं, कुठं कुठं थांबायचं, गाडी तिथंच थांबणार का, टोल अन पेट्रोल कोणाकडे, सगळं मोबाईलवर थाईमध्ये ट्रान्सलेट करून ड्रायव्हरले दाखवा, त्यानं मान डोलावली की निघा. आधी मागितले तर पेट्रोलपुरते द्या, बाकीचे संध्याकाळी हॉटेलवर उतरल्यावर.