आयन मोबिलिटी मास स्पेक्ट्रोमेट्रीने प्रोटीनची खरी रचना कळते, की पाण्याबाहेर काढल्यावर सगळंच बिघडतं? पीएचडीला हा विषय घ्यावा का?

रचना कळत नाही. यात प्रोटीनला चार्ज देऊन त्याचा आयन करतात आणि वायूतून जायला त्याला किती वेळ लागतो ते मोजतात. त्यावरून आयन किती आटोपशीर किंवा किती पसरलेला आहे एवढं कळतं, तेही सीसीएस (वायूच्या धडका झेलणारं आयनचं सरासरी क्षेत्रफळ) या एका आकड्यात. तेवढ्यावरून हेलिक्स (साखळीचा स्प्रिंगसारखा पीळ) कुठे आहे हे सांगणाऱ्याच्या नादी लागू नका. पण ‘पाण्याबाहेर काढलं की सगळं संपलं’ हे क्रिस्टलवाल्यांचं (प्रोटीनचे स्फटिक करून रचना काढणाऱ्यांचं) पालुपद ऐकूनही कान किटलेत. ट्रॅप नावाच्या प्रोटीनचं अकरा घटकांचं कडं पाण्याशिवायही कडंच राहतं, हे २००५ सालीच दाखवून झालंय. बिघडतं ते बहुतेक वेळा आपण बिघडवतो म्हणून.

आमच्या लॅबमध्ये एका छोट्या प्रोटीनच्या एकाच चार्ज स्टेटला (म्हणजे सारखाच चार्ज असलेल्या आयनांना) ड्रिफ्ट टाइमचे (वायू पार करायला लागलेल्या वेळाचे) दोन पीक यायचे. पहिला टोकदार, दुसरा उशिरा येणारा आणि फताडा. सर खूश. त्यांच्या मते दुसरा पीक म्हणजे प्रोटीनचं द्रावणातलं ‘उघडं रूप’, आणि औषधाचा रेणू बसला की ते मिटतं. पोस्टरचं शीर्षकसुद्धा ठरलं होतं. मला खटकलं ते असं, की सॅम्पल तेच, अमोनियम अ‍ॅसिटेट तेच, पण दोन्ही पीकचं प्रमाण दर फाइलला वेगळं. सेटिंग्ज उघडून पाहिल्या तर कोन व्होल्टेज (मशीनमध्ये शिरताना आयनला वायूवर किती जोरात आपटायचं ते ठरवणारं) प्रत्येकाने आपापल्या मर्जीने ठेवलेलं. साहजिक आहे, व्होल्टेज चढवलं की चिकटलेलं पाणी झडतं, काही मीठही सुटतं आणि मास स्पेक्ट्रम देखणा दिसतो.

मी ते पायरीपायरीने उतरवत नेलं. मासचे पीक जाडजूड झाले, सोडियमची शेपटं लोंबायला लागली, आणि तो फताडा पीक विरत विरत गेला. परत चढवलं, परत हजर. म्हणजे उघडं रूप द्रावणात नव्हतंच, धडका देऊन आम्हीच ते उघडत होतो. सर म्हणाले, ‘अगं, पण स्पेक्ट्रम किती घाण झालाय!’ मी म्हटलं, ‘सर, घाण आहे पण घडी शाबूत आहे.’ त्यावर ‘सेटिंग्ज सप्लिमेंटरीत टाकू’ असं उत्तर मिळालं. त्या पोस्टरवर मी माझं नाव घालू दिलं नाही.

यात नवं काहीच नव्हतं, म्हणून जास्त राग आला. एकच प्रोटीन वायूत आटोपशीर आणि उलगडलेलं अशा दोन्ही रूपांत दिसतं, हे सायटोक्रोम सीवर १९९५ पासून माहीत आहे. युबिक्विटिन या छोट्या प्रोटीनचा +७ आयन हेलियममध्ये सुमारे १००० वर्ग अँगस्ट्रॉमचाही मिळतो आणि १५०० च्या पुढचाही. आकडा देताना गॅस कोणता आणि धडका किती जोराच्या, हे सांगितलं नाही तर तो आकडा कुचकामी. द्रावणातच उघडं रूप आहे असं म्हणायचं असेल, तर जास्त चार्जचे आयन (उलगडलेलं प्रोटीन जास्त चार्ज घेतं) कमी व्होल्टेजलाही दिसतात का ते आधी दाखवा. मिथेनॉल आणि आम्ल घालून मुद्दाम उलगडलेलं सॅम्पल शेजारी ठेवा. ट्रॅव्हलिंग वेव्हचं मशीन (हे सीसीएस थेट देत नाही, माहीत असलेल्या प्रोटीनांशी ताडून काढावा लागतो) असेल तर कॅलिब्रेशनची प्रोटीनंही घडी न मोडलेलीच घ्या.

पीएचडीचं म्हणाल तर घ्या की. फक्त प्रवेशाआधी होणाऱ्या गाईडना एकच विचारा, ‘सर, सर्वात कमी व्होल्टेजचा डेटा दाखवता का?’ ‘तो कशाला हवाय?’ असं उत्तर आलं, तर दुसरी लॅब बघा.

हां, पेशीच्या पडद्यातली प्रोटीनं घेणार असाल तर हे जसंच्या तसं लागू नाही. ती डिटर्जंटच्या मायसेलमधून (त्यांच्याभोवती जमलेल्या डिटर्जंटच्या गोळ्यातून) सोडवायलाच जोर लावावा लागतो. तिथे प्रोटीन मोकळं होईल पण उलगडणार नाही असं व्होल्टेज शोधण्यातच सगळा वेळ जातो, आणि काही डिटर्जंटसोबत ते सापडतच नाही.